निवडक गाण्यांची पारख

गेल्या माघ महिन्यांत आमच्या तीर्थरूप आप्पांच्या जन्मास शंभर वर्षें पूर्ण झालीं. त्या निमित्तानें पुणें, नाशिक, संभाजीनगर अशा ठिकाणीं पांगलेलीं घरचीं मुलेंबाळें चार दिवस पिंपळगांवीं एकत्र जमलीं. सकाळीं रेणुकाईला अभिषेक, दुपारीं पंक्ति, आणि रात्रीं माजघरांत सर्वांनीं मिळून गाणें ऐकावें, असा बेत होता. गाणें कोणाचें, हा प्रश्न आमच्या घरांत निघतच नाहीं. आप्पांच्या घरीं गाणें म्हणजे गंधर्व नाटक मंडळीचें गाणें. बाकीचीं सर्व गाणीं 'रेडिओवरचीं'.

दादांचा थोरला मुलगा पुण्यास नोकरीला असतो. त्यानें येतांना ह्या मंडळीच्या नाटकांतील 'निवडक' पदांची एक सीडी विकत आणली होती. वेष्टनावर शालू नेसलेल्या बालगंधर्वांचें सुरेख चित्र, आंत चौदा पदें, आणि किंमतही बेताची. मुलानें हौसेनें आणलेली वस्तु. तिच्यांत खोड काढूं नये, असें मनाशीं ठरवूनच आम्ही वडील माणसें ऐकावयास बसलों. चौदावें पद संपलें, आणि वहिनींनीं समईची वात पुढें सारीत एवढेंच विचारलें, "हें सगळें झालें. पण ह्यांत सिंधू कोठें आहे?"

त्या एका प्रश्नावरून रात्रीं एक वाजेपर्यंत जो वाद झाला, त्याचा हा वृत्तान्त. घरगुती वाद छापावयाचा कशाला, असें कोणी म्हणेल. परंतु 'निवडक' ह्या शब्दाखालीं आज घरोघर जें येत आहे, त्याची पारख कशी करावी, हा प्रश्न आमच्या एका घरापुरता नाहीं. म्हणून हा प्रपंच.

प्रथम हें गाणें आमच्या घरीं कसें आलें, तें सांगितलें पाहिजे. पिंपळगांव रेणुकाई हें जालना जिल्ह्यांतील भोकरदन तालुक्याचें गांव. जालना हा निराळा जिल्हा झाला तो १९८१ सालीं. त्यापूर्वीं आम्ही औरंगाबाद जिल्ह्यांत होतों, आणि १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यांत. पडदे, मखमली आणि अत्तरदाण्या घेऊन फिरणाऱ्या मोठ्या नाटक मंडळ्यांना आमच्या खेड्याकडे वळण्याचें कांहींच कारण नव्हतें. आमच्या आजोबांनीं किल्लीचा ग्रामोफोन जालन्यास विकत घेतला आणि बैलगाडींतून मांडीवर धरून गांवीं आणला. पुढें आप्पांनीं तबकड्यांची भर घातली. लाखेच्या त्या जड तबकड्या, वरचेवर बदलावी लागणारी पोलादी सुई, आणि किल्ली देण्याचा मान त्या दिवशीं ज्यानें पाढे बिनचूक म्हटले असतील त्याला, असा शिरस्ता होता. आप्पांनीं बालगंधर्वांना रंगभूमीवर कधींच पाहिलें नाहीं. जें ऐकलें, तें सारें त्या भोंग्यांतून.

निवडीचा पहिला प्रकार येथेंच सुरू होतो. त्या तबकडीच्या एका बाजूला तीन, फार तर साडेतीन मिनिटें मावत. रंगभूमीवर तेंच पद, प्रेक्षकांच्या 'वन्समोर'ला मान देत देत, कितीतरी वेळ चाले, आणि रात्रीं सुरू झालेलें नाटक पहांटेस संपे. 'स्वयंवर' नाटकांत पन्नासाहून अधिक पदें आहेत. त्यांतलीं थोडीं लाखेवर उतरलीं. म्हणजे नाटकांतून पद निवडलें, आणि त्या पदांतूनही तीन मिनिटें निवडलीं. पुढें लांब वाजणारी तबकडी निघाली. ती अमेरिकेंत १९४८ सालीं बाजारांत आली. मग कॅसेट आली, तिच्यामागून सीडी आली. आणि प्रत्येक वेळीं जुन्या निवडींतून नवी निवड झाली. आमच्या पुढ्यांतील चौदा पदें म्हणजे चार वेळां गाळलेलें पाणी. तें स्वच्छ असेल. पण विहिरीची चव त्यांत किती उरली आहे, तें पाहावयास नको काय?

मी जन्मभर मास्तरकी केलेली. तेव्हां हातांत कागद-पेन्सिल घेतल्यावांचून मला गाणेंही ऐकतां येत नाहीं. मीं टिपून ठेवलें होतें तें असें: चौदांपैकीं नऊ पदें 'स्वयंवरा'चीं, तीन 'मानापमाना'चीं, दोन 'कान्होपात्रे'चीं. 'विद्याहरण' नाहीं, 'द्रौपदी' नाहीं. आणि वहिनी म्हणतात तें खरें, 'एकच प्याला' मुळींच नाहीं.

दादांनीं लागलीच निवड करणाऱ्याची बाजू घेतली. "साय दुधावरच धरणार, ताकावर कशी धरेल?" ते म्हणाले. 'स्वयंवर' रंगभूमीवर आलें १० डिसेंबर १९१६ रोजीं. शब्द खाडिलकरांचे, चाली भास्करबुवा बखल्यांच्या, आणि रुक्मिणी साक्षात् नारायणराव राजहंस. 'नाथ हा माझा' हा यमन, 'मम आत्मा गमला' हा बिहाग, 'स्वकुलतारकसुता' हा भीमपलास. आमच्या पिढीच्या कानांना ह्या रागांची ओळख गवयाच्या बैठकींत झाली नाहीं, ह्या पदांनीं झाली. मग अशा नाटकाचीं नऊ घेतलीं तर बिघडलें कोठें?

दादांचें म्हणणें वजनदार खरें. परंतु नातवंडांपैकीं धाकटा, जो इतका वेळ भिंतीला टेकून मुकाट ऐकत होता, तो एकदम बोलून गेला, "आजोबा, रागावूं नका, पण मला अर्धीं गाणीं एकसारखीं वाटलीं." वडील माणसांच्या भिवया वर गेल्या. मला मात्र पोराचें बोलणें पटलें. नवांच्या नऊ पदांत तीच रुक्मिणी, तोच प्रेमभाव, तोच लाडिक शृंगार. दूधपाक कितीही गोड असला तरी नऊ वाट्या वाढल्यावर दहाव्या घांसाला जिभेला कांहीं कळत नाहीं. दोष पदांत नाहीं, वाढप्याच्या हातांत आहे. ज्यानें हें गाणें पूर्वीं ऐकलें आहे, त्याला एकेक पद आठवणींसकट भेटतें. ज्यानें कधींच ऐकलें नाहीं, त्याच्यापुढें मात्र केवळ निवड असते. म्हणून निवडीची पारख जाणत्याच्या कानानें करण्यापेक्षां त्या पोराच्या कानानें करावी, असें मला वाटूं लागलें.

नातू पुण्यास कॉलेजांत शिकतो. त्यानें सांगितलें कीं हें भांडण विलायतेंतही होऊन गेलें आहे. लिव्हरपूल शहरांत १९६० च्या सुमारास चार तरुणांची 'बीटल्स' नांवाची एक गाणारी मंडळी उदयास आली. १९७० मध्यें ती फुटली, पण तिचीं गाणीं जगभर आजही ऐकतात. ह्या मंडळीच्या उत्तमोत्तम गाण्यांचें एक संकलन २००० सालीं निघालें. त्याची निवड अगदीं साध्या नियमानें केली: इंग्लंडांत किंवा अमेरिकेंत खपाच्या यादींत जें पहिल्या क्रमांकावर चढलें तेंच गाणें घ्यावयाचें. अशीं सत्तावीस गाणीं भरलीं. परंतु 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर' हें त्यांचें एक अत्यंत नांवाजलेलें गाणें बाहेरच राहिलें. कारण तें पहिल्या क्रमांकाला पोहोंचलें नव्हतें. नियम कोणाचा पक्षपात करीत नाहीं हें खरें. पण नियमाला कान नसतात.

त्यापूर्वीं १९७३ सालीं ह्याच मंडळीचीं दोन संकलनें निघालीं होतीं, एक तांबड्या वेष्टनाचें व एक निळ्या. तांबड्यांत मंडळीच्या पहिल्या कालखंडांतील सव्वीस गाणीं. तीं सगळीं लेनन आणि मॅकार्टनी ह्या दोघांनीं रचलेलीं. तिसरा भिडू हॅरिसन हाही गाणीं रचीत असे, पण त्याचें एकही त्यांत नव्हतें. पन्नास वर्षांनीं, २०२३ मध्यें, तें संकलन वाढवून अडतीस गाण्यांचें केलें, तेव्हां त्यांत हॅरिसनचीं दोन आलीं. तोपर्यंत हॅरिसन जाऊन बावीस वर्षें झालीं होतीं. हें ऐकून दादाही क्षणभर गप्प झाले. चुकलेली निवड दुरुस्त होऊं शकते. पण ज्याच्यावर अन्याय झाला तो ती दुरुस्ती पाहावयास असतोच असें नाहीं.

ह्यावरून मला आमच्याच मुलखांतील दोन जुन्या निवडींची आठवण झाली, आणि संस्कृताची संवय असल्यामुळें ती बोलून दाखविल्यावांचून राहवलें नाहीं. आमच्या तालुक्याचें गांव भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सातवाहनांच्या काळीं तें भरभराटलेलें होतें. त्याच सातवाहनांच्या कुळांत पैठणास हाल राजा झाला, आणि 'गाथासप्तशती' हा माहाराष्ट्री प्राकृतांतील संग्रह त्याच्या नांवावर आहे. कोटि गाथांतून ह्या सातशें निवडल्या, असें त्या ग्रंथांतच म्हटलें आहे. कोटि हा आंकडा कवीचा समजून सोडून दिला, तरी एक गोष्ट उघड आहे. त्या सातशेंत राजाचे पराक्रम नाहींत. शेतकरी, गुराखी, वाट पाहणारी प्रवाशाची बायको, गोदेच्या कांठचीं झाडें आणि तिळाचीं शेतें आहेत. निवडणाऱ्यानें दरबाराबाहेर जाऊन कान दिला, म्हणून त्या काळचा सामान्य माणूस आज आपणांस भेटतो.

दुसरी निवड देवगिरीची. यादव राजा कृष्ण ह्याच्या पदरीं हत्तीदळाचा अधिकारी जल्हण म्हणून होता. त्याच्या नांवें 'सूक्तिमुक्तावलि' हा संस्कृत सुभाषितांचा संग्रह इ. स. १२५८ च्या सुमारास सिद्ध झाला. ह्या संग्रहाचा खरा उपकार असा कीं त्यांत अनेक श्लोकांबरोबर कवीचें नांव दिलेलें आहे. राजशेखरानें पूर्वकवींची, आणि विशेष म्हणजे कवयित्रींची, जी स्तुति केली, तिचे श्लोक ह्या संग्रहानें आपल्यापर्यंत पोहोंचविले. ज्यांचे मूळ ग्रंथ कालौघांत नाहींसे झाले, असे कित्येक कवि केवळ अशा संग्रहांतील एकदोन श्लोकांवर जगले आहेत. म्हणजे संग्राहकाच्या हातून एक नांव गळलें, तर तो कवि कायमचा मेला. देवगिरीच्या त्या गजाधिकाऱ्याला जी काळजी घ्यावीशी वाटली, ती आजच्या सीडीच्या वेष्टनावर घेतलेली नव्हती. चौदाही पदांपुढें नांव एकच होतें, गायकाचें.

आणि गंधर्व मंडळी म्हणजे काय एकटे बालगंधर्व? १९१३ सालीं किर्लोस्कर मंडळी सोडून त्यांनीं नवी मंडळी काढली, ती गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे ह्यांच्या जोडीनें. 'मानापमाना'च्या चाली टेंब्यांच्या. 'एकच प्याल्या'चे कर्ते गडकरी. पण त्यांतील पदें रचलीं विठ्ठल सीताराम गुर्जर ह्यांनीं. भास्करबुवा १९२२ सालीं निवर्तल्यावर त्यांचे शिष्य मास्तर कृष्णराव ह्यांनीं मंडळीचें संगीत सांभाळलें, आणि १९३१ च्या 'कान्होपात्रे'ला चाली दिल्या. त्यांचें आडनांव फुलंब्रीकर. फुलंब्री तर आमच्याच भागांतलें. विनायकबुवा पटवर्धन कांहीं वर्षें ह्याच मंडळींत गात होते. तबल्यावर उस्ताद अहमदजान थिरकवा, सारंगीवर कादरबक्ष. ह्या साऱ्यांनीं मिळून जें उभें केलें, त्यांतून एक आवाज तेवढा उचलावा आणि वर मंडळीचें नांव छापावें, हें लग्नाच्या तसबिरींतून नवरदेव कापून घेऊन 'हें आमचें कुटुंब' म्हणून सांगण्यासारखें आहे. बालगंधर्वांच्या गळ्याची थोरवी मला कमी करावयाची नाहीं. पण तो गळा कोणाच्या चालीवर, कोणाच्या शब्दांवर आणि कोणाच्या ठेक्यावर फिरत होता, तें कळल्यानें ती थोरवी वाढतेच.

आमचें गांव मिरचीच्या बाजारासाठीं प्रसिद्ध आहे. हंगामांत येथें आसपासच्या गांवांची हिरवी मिरची येऊन पडते. मुरलेला व्यापारी ढिगाच्या वरची तजेलदार मिरची पाहून भाव बोलत नाहीं. तो कोपरापर्यंत हात आंत घालून तळची मूठ बाहेर काढतो. निवडक गाण्यांची पारखही तशीच करावी. वरचीं तीनचार पदें सर्वांनाच सुचतात. तीं घेण्यांत निवडणाऱ्याची कर्तबगारी नाहीं. दहावें, अकरावें, बारावें कोणतें घेतलें, आणि त्याहीपेक्षां काय टाकलें, तें पाहिलें म्हणजे त्याचा हात कळतो.

टाकलेल्याची गोष्ट निघाली तेव्हां पुतण्या म्हणाला, "काका, सिंधूचीं पदें घातलीं नसतील तीं बहुधा मुद्दामच. अशा सीडी लोक लग्नमुंजींत भेट देतात. तेथें दारुड्याच्या बायकोचें रडगाणें कोणाला हवें?" ह्यावर वहिनी जें बोलल्या, तें मला माझ्या सदुसष्टाव्या वर्षीं प्रथमच कळलें.

आमच्या आत्याची हकीकत घरांतल्या सर्वांस अर्धीमुर्धी ठाऊक होती. आप्पांहून ती पांचसहा वर्षांनीं वडील. तिचें लग्न चांगल्या खात्यापित्या घरीं झालें होतें. यजमान मात्र पिण्याच्या नादीं लागले. कांहीं वर्षें तिनें काढलीं. मग एके दिवशीं आजोबा जाऊन तिला एका ट्रंकेसह घरीं घेऊन आले, आणि ती पुन्हां गेली नाहीं. आम्हां भावंडांना तिनेंच जेवूंखाऊं घातलें. आमच्या तबकड्यांच्या पेटींत 'एकच प्याल्या'ची एक तबकडी होती, 'कशी या त्यजूं पदाला' ह्या पदाची. आप्पांनीं ती जुन्या धोतराच्या फडक्यांत गुंडाळून पेटीच्या अगदीं तळाशीं ठेवलेली असे. ती फुटकी आहे, तिला हात लावूं नका, असें आम्हांस सांगितलेलें होतें. ती फुटकी नव्हती. आत्या घरांत असतां तें पद वाजूं नये, एवढाच त्यांतला हेतु. आणि आत्या तर नेहमीं घरांतच असे.

ज्यांनीं नाटक वाचलें नसेल त्यांच्यासाठीं सांगतों. सुधाकर दारूच्या आहारीं जातो. सिंधूला माहेरीं नेण्याची गोष्ट निघते. आणि ती नवऱ्याचे पाय सोडावयास तयार होत नाहीं. तें हें पद. गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजीं वारले, आणि त्याच २० फेब्रुवारीस बडोद्यास गंधर्व मंडळीनें हें नाटक रंगभूमीवर आणलें. सुधाकर बोडसांचा, सिंधू बालगंधर्वांची. सिंधूचा शेवट काय झाला तो सर्वश्रुत आहे.

वहिनी म्हणाल्या, "मी ह्या घरांत नवी आलें होतें. श्रावणांतली दुपार होती. पुरुष माणसें शेतावर, मुलें शाळेंत. आत्याबाईंनीं पेटी उघडली, तळची तबकडी काढली, आणि स्वतः किल्ली दिली. मी दारांत उभी. मला वाटलें, आतां ह्यांना रडूं कोसळेल. त्यांनीं डोळ्यांना पदर लावला नाहीं. पद संपलें तशी सुई उचलली आणि मला म्हणाल्या, 'सिंधूनें पाय सोडले नाहींत. मीं सोडले, म्हणून आज तुझ्या घरीं पोळ्या लाटायला मी आहें.' तबकडी पुन्हां फडक्यांत बांधली. दर श्रावणांत एकदां त्या ती लावीत. मीं कोणाला सांगितलें नाहीं."

दादांचा चेहरा उतरला. कांहीं वेळानें ते म्हणाले, "आप्पांना वाटे, तिला दुखेल."

"दुखत होतेंच," वहिनी म्हणाल्या. "पण तें गाणें तिचें होतें."

ह्यानंतर वाद उरला नाहीं. आप्पांनीं तें पद बाजूस ठेवलें तें बहिणीवरील मायेनें, ह्यांत शंका नाहीं. सीडी काढणाऱ्यांनीं वगळलें असेल तें गिऱ्हाइकाच्या सोयीसाठीं. दोघांचा हेतु निराळा, पण चूक एकच: ज्याच्यासाठीं निवडावयाचें, त्याला विचारलें नाहीं. 'एकच प्याला' नाटकानें त्या काळीं कित्येक घरांतलें झांकलेलें दुःख चव्हाट्यावर मांडलें. सिंधूसारखें वागावें कीं नाहीं, ह्याविषयीं मतभेद होतील, आणि व्हावेतही. आमच्या आत्यानें तर सिंधूच्या उलट केलें. तरीही तिला तें पद हवें होतें. गाणें हें केवळ अनुकरणासाठीं नसतें, आपल्या आयुष्याशेजारीं ठेवून पाहण्यासाठींही असतें. नुसतीं गोड पदें निवडून पुढच्या पिढीच्या हातीं दिलीं, तर त्या पिढीला वाटेल कीं आमच्या घरांत सर्व कांहीं शालूसारखें झुळझुळीतच होतें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं सर्वांनीं मिळून नवी निवड केली. पदें बाराच घ्यावयाचीं, असें ठरलें. कारण संख्या आंखून घेतल्यावांचून निवडणाऱ्याला टाकण्याचें दुःख कळत नाहीं. 'स्वयंवरा'चीं तीन, 'मानापमाना'चीं दोन, 'द्रौपदी'चें एक, 'एकच प्याल्या'चीं दोन, 'कान्होपात्रे'चीं दोन. शिवाय मास्तर कृष्णरावांच्या आवाजांतलें एक आणि विनायकबुवांचें एक. दादांना सहा यमन-बिहाग सोडावे लागले. ते त्यांनीं उपासाच्या दिवशीं पान दूर सारावें तसे सोडले. नातवानें एक सूचना केली, ती सर्वांस पटली. पदें नुसतीं लोकप्रियतेच्या क्रमानें न लावतां आधीं रुक्मिणी, मग सिंधू, मग कान्होपात्रा, असा क्रम लावावा. एक मनांतल्या वरासाठीं झुरते. एक लाभलेल्या संसारांत पोळते. आणि एक बेदरच्या बादशहाच्या हातीं लागण्यापेक्षां पंढरीच्या विठ्ठलाचे पाय धरते. चोखोबांचा 'जोहार मायबाप' हा अभंग शेवटीं आला. क्रम असा लावल्यावर त्याच पोराला एकही पद दुसऱ्यासारखें वाटलें नाहीं.

पुतण्यानें जुन्या तबकड्या यंत्रावर वाजवून पदें उतरून घेतलीं. सुईची खरखर पुसून टाकूं काय, असें त्यानें विचारलें. वहिनींनीं आत्याच्या तबकडीपुरती राहूं द्यावयास सांगितली. बरोबरच्या कागदावर मीं प्रत्येक पदापुढें पांच गोष्टी लिहिल्या: नाटक, साल, पद कोणाचें, चाल कोणाची, आणि कोणत्या प्रसंगीं कोण कोणाला म्हणतें. जेथें मला एखादी गोष्ट ग्रंथांत सांपडली नाहीं, तेथें जागा कोरी ठेवली आहे; ती नातवानें भरावयाची आहे. हस्ताक्षर मास्तराचें असल्यामुळें निदान वाचतां येईल, अशी आशा आहे.

वाचकांना एवढेंच सुचवावेंसें वाटतें कीं, आपल्याही घरीं आजीआजोबांच्या आवडीचें कांहीं ना कांहीं गाणें असेलच. कोठें नाट्यपद, कोठें अभंग, कोठें जात्यावरची ओवी. बाजारांत मिळणारी निवड अवश्य घ्यावी. ती सोयीची असते, आणि तिच्यामुळें गाणें दूरवर पोहोंचतें. परंतु तेवढ्यावर थांबूं नये. एखाद्या सुटींत सर्वांनीं बसून आपल्या घरची बारा गाणीं काढावींत, आणि काढतांना घरांतल्या बायकांना प्रथम विचारावें. पेटीच्या तळाशीं फडक्यांत काय बांधून ठेवलें आहे, तें बहुधा त्यांनाच ठाऊक असतें.

निघण्याच्या आदल्या रात्रीं तीं बारा पदें लावलीं. सातव्या पदाच्या वेळीं दादा उठले, त्यांनीं कोनाड्यांतला जुना ग्रामोफोन पुसला, आणि त्याची किल्ली वहिनींच्या हातांत दिली.